हिचं घर कंचं?

हिराजीकाका मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते माझ्या चपलांभोवती रेघ ओढत होते.

भिसेगावात येऊन आम्हाला जेमतेम चार दिवस झाले होते. ह्यांची बदली कर्जतच्या कचेरीत झालेली आणि पाच बैठ्या खोल्यांच्या ओळीत मधली खोली आम्हाला मिळालेली. दुपारी विहिरीवरून कळशी घेऊन आले, तर आमच्या ओट्यावर खाकी शर्टातला एक म्हातारा उकिडवा बसला होता. कानावर पेन्सिल, एका हातात गेरू कालवलेली नारळाची करवंटी, दुसऱ्या हातात काडीला गुंडाळलेला कापूस. चार वर्षांची माझी मंजू गुडघ्यांवर हात टेकून त्यांच्याकडे बघत होती आणि वर्षाचा बापू करवंटीत बोट बुडवून गेरू चाखत होता.

"अहो, हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"चपलांना घर देतो," ते मान वर न करता म्हणाले. "काल एक चप्पल पायरीवर व्हती, एक तुळशीपाशी. आज दोनी हितं. उद्या कुठं शोधशील?"

"उद्याचं मी उद्या बघेन."

"बघशील कशी? घर असंल तर सापडंल ना!"

तेवढ्यात त्यांची रेघ पुरी झाली. चपला उचलून त्यांनी मला खाली उमटलेली दोन लाल पावलं दाखवली. टाचा उंबऱ्याकडे, बोटं अंगणाकडे. "बाहेरच्या तोंडानं काढलीत. पाय घातला का चालू लागायचं. वळायचं काम नाय." मग आमच्या दारातून आत नजर टाकून, माझ्या अंथरुणांच्या वळकट्या, डबे, पाटा-वरवंटा यांचा ढीग पाहून ते इतके दुःखी झाले की क्षणभर मलाच त्यांची कीव आली. तेवढी कीव मला पुढं तीन वर्षं पुरली.

काका मूळचे कडावचे. तिथं त्यांची भातशेती होती, ती चुलतभाऊ करत. काकांची सगळी नोकरी खोपोलीकडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. तिथं भिंतीवर मोठी फळी होती म्हणे. तिच्यावर प्रत्येक पाना, हातोडी, करवत टांगलेली आणि प्रत्येकीभोवती रंगाची रेघ. हत्यार काढून नेलं की फळीवर त्याचा नुसता आकार उरायचा. संध्याकाळी लांबून एक नजर टाकली की कोण परत आलं नाही ते कळायचं. "पन्नास मानसांत वाचता येनारं आठ," काका सांगायचे. "पन आकार समद्यांना कळतो. लहान पोराला पन कळतो."

त्यांना कारखान्यानं निवृत्त केलं, पण फळी त्यांच्या डोक्यातच राहिली. त्या डोक्यासमोर आता आमची पाच बिऱ्हाडं होती आणि पाचांतलं सगळ्यात पसारेवालं बिऱ्हाड माझं.

महिन्याभरात माझ्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या भिंतीवर झारा, पळी, उलथणं, खिसणी, सांडशी, लाटणं यांचे लाल आकार उमटले. प्रत्येकाच्या डोक्यावर एक खिळा. मी नको म्हणाले नाही असं नाही. रोज म्हणत होते. पण ते मला विचारायचेच नाहीत, मंजूला विचारायचे. कोणतीही वस्तू उचलायची, तिच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायचं, "हिचं घर कंचं?" मंजू धावत जाऊन भिंतीवर हात ठेवायची. मग काका सुखानं डोळे मिटायचे.

एकदा सोयीसाठी मी झाऱ्याला चुलीजवळ दुसरा खिळा मारून घेतला. दुसऱ्या दिवशी खिळा गायब. "दोन घरं द्यायची नाय," त्यांनी मला बजावलं. "एका वस्तूला एकच घर. दोन दिली का ती ना हितं सापडत, ना तितं." एवढा गंभीर चेहरा त्यांनी झाऱ्यासाठी का करावा हे मला त्या वेळी कळलं नाही. मला फक्त माझा खिळा हवा होता.

मुलांच्या वस्तूंना तर त्यांनी अख्खी एक भिंत दिली, तीही जमिनीपासून दोन हातांच्या आत. "वर टांगशील तर पोर तुला हाक मारंल. खाली टांग, सोता ठेवंल." खुळखुळा, भोवरा, दोरीउडीची दोरी, मंजूची एक हात तुटलेली बाहुली, सगळ्यांचे आकार. बाहुलीचा आकारसुद्धा एका हाताचाच काढला होता. पाहुण्या बायका ती भिंत बघून जरा सरकूनच बसायच्या.

आणि टाकायचं काही नाही! माझ्या कचऱ्याच्या टोपलीवर त्या माणसाचा इतका डोळा असायचा की कांद्याची सालं टाकतानासुद्धा मी चोरट्यासारखी इकडेतिकडे बघायची. रिकाम्या काडेपेट्या एकावर एक चिकटवून त्यांनी मला चोवीस खणांचं कपाट करून दिलं. ओढायला प्रत्येक खणाला शर्टाचं बटण, आत काय आहे ते कळायला बाहेर नमुना चिकटवलेला. बटणांच्या खणावर बटण, हुकांच्या खणावर हुक, लवंगांच्या खणावर लवंग. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या कपाटासाठी ओळीतल्या सगळ्या काड्या एका डब्यात ओतल्या गेल्या आणि त्या ओढायला पेटीची कड उरली नाही. पाच बिऱ्हाडांनी दोन दिवस एकमेकींच्या चुलीतून निखारा आणून स्वयंपाक केला.

मोडक्या छत्रीच्या कापडाची त्यांनी मुलांना पावसाळी पिशवी केली, तिच्या काड्यांचं बाळाची दुपटी वाळत घालायचं झाड केलं. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे पट्टे कापून वह्या बांधायला दिले. वनस्पती तुपाच्या डब्यांना भोकं पाडून, दोरी ओवून, पोरांना त्यावर उभं राहून चालायला शिकवलं. दुपारी दोन ते चार, माझी पाठ टेकायची वेळ, तेव्हा ओट्यावरून सात पोरं डब्यांवर चालत. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

पण विजारीचं प्रकरण सगळ्यांवर कडी.

एक दिवस काकांनी जुन्या चादरीवर सोळा खिसे शिवून आणले. दाराच्या मागे टांगायचं. एका खिशात कंगवा, एकात रुमाल, एकात मंजूची रिबिन, एकात बापूची टोपी. कल्पना चांगली. मी कधी नव्हे ते तोंडभरून म्हटलं, "काका, हे मात्र झकास झालं हां!" त्यांनी नम्रपणे मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेले, साहेबांसमोर उभे राहिले, किल्ली काढायला खिशात हात घातला, तो हात थेट गुडघ्यापर्यंत गेला. किल्ली पायातून खाली पडली. साहेबांनी विचारलं, "काय हो, बरं आहे ना?"

मी ह्यांच्या दोन विजारी फक्त बटणं लावायला बाहेर काढून ठेवल्या होत्या.

"बाहेर पडल्या व्हत्या," काका म्हणाले. "घर नव्हतं त्यांना. मला वाटलं टाकल्या."

"वापरातल्या विजारी होत्या त्या!"

"मग खिशे वापरातच हायत की. दाराला हायत."

ह्या माणसाशी भांडता यायचं नाही. आमचे हे तर संत. त्यांनी दाराजवळ उभं राहून, चादरीच्या तिसऱ्या ओळीतल्या आपल्या खिशात हात घालून बघितला आणि म्हणाले, "खोल शिवलाय मात्र." पुढं कितीतरी दिवस ते कचेरीत जाताना दारापाशी थांबून त्याच खिशातून किल्ली घेत.

दुसऱ्या वर्षी काकांना लग्नपत्रिकांचा नाद लागला. जाड कागदाच्या पत्रिकेवर गणपतीचं चित्र असतं, तिचे बारा तुकडे करायचे आणि पोरांनी ते जुळवायचे. मंजू आणि बापू तासन् तास गप्प बसत, एवढं मला मान्य आहे. पण चौक गावात माझ्या मावसबहिणीच्या दिराचं लग्न होतं, त्या पत्रिकेचेही बारा तुकडे झाले. आम्ही ती उलटून जुळवली. अकरा सापडले. बारावा, तारखेचा, बापूनं खाल्ला होता. वार रविवार एवढं वाचता येत होतं. आम्ही नटूनथटून, आहेर घेऊन, एसटीनं चौकला उतरलो, तेव्हा मांडवाचे बांबू काढत होते. लग्न मागच्या रविवारी झालं होतं. मावसबहीण अजून तो विषय काढते.

घरी येऊन मी काकांना नाही नाही ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बापूला विचारलं, "तारीख लागली का रं गोड?" आणि दोघेही हसले.

ह्या सगळ्यात माझा खरा संताप निराळाच होता. तो असा, की ह्या माणसाचं सगळं चालत होतं. बापू दोन वर्षांचा झाला तेव्हा बोलायचा कमी, पण भोवरा आपल्या खिळ्याला टांगून यायचा. मंजू रात्री अंथरुणावर पडण्याआधी भिंतीवरून एक नजर फिरवायची आणि कुठे रिकामा आकार दिसला तर उठून शोधायला लागायची. ओट्यावर ह्यांच्या चपलांची जागा रिकामी असली की जेवायची नाही. "बाबांचं घर भरलं नाही अजून," म्हणायची. माझ्या आईनं मला बारा वर्षं ओरडून जे शिकवलं नाही, ते काकांनी माझ्या पोरांना करवंटीभर गेरूत शिकवलं. आता ह्यावर चिडायचं नाही तर काय करायचं?

एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नाही. वर्षातून एकदा, भाद्रपदात गौरी यायच्या आदल्या दिवशी, काका जाड पुठ्ठा घेऊन यायचे. मंजूला त्यावर उभी करायचे आणि तिच्या दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवायचे. बापू "माझं पन, माझं पन" म्हणून नाचायचा, त्याचं माप कधी घेतलं नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, पोरीला चपला करून देणार असतील, टायरच्या करतात ना काही लोक. वाट बघितली. चपला आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा माप. पुन्हा चपला नाहीत. मंजू विचारायची, "काका, चपला?" ते म्हणायचे, "बोटभर वाढलीस गं," आणि पुठ्ठा शर्टाच्या आत घालून निघून जायचे.

मी काकींना विचारलं होतं. काकी म्हणजे त्यांची बायको, ओळीच्या टोकाच्या घरात राहणारी, सुपासारख्या सपाट आवाजाची शांत बाई. आम्ही बायका त्यांच्या ओटीवर तांदूळ निवडायला बसायचो. "काकी, तुमच्या घरात तर सगळंच रंगवलं असेल नाही?" मी म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला बी रंगवली असती. पन मी हलते." मापाचं विचारलं तर सूप उचलून आत गेल्या. शेजारच्या बाई मग माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, त्यांच्याकडे पूर्वी एक पोर होती, दिराची, तुम्ही यायच्या आधी घेऊन गेले. मी "हो का" म्हटलं आणि पुन्हा तांदळात खडे शोधायला लागले. इतकंच.

तिसऱ्या वर्षी थोरल्या जाऊबाई आजारी, म्हणून गौरी आमच्या खोलीत बसवायच्या ठरल्या आणि त्यासाठी साताऱ्याहून सासूबाई आल्या. एसटीतून उतरून, दमून, पदरानं वारा घेत त्या ओट्याची पायरी चढल्या आणि तिथंच थबकल्या.

"हे गं काय?"

ओट्यावर आमच्या चौघांची गेरूची पावलं होती. मोठी, मधली, लहान, त्याहून लहान. सगळी उंबऱ्यापासून अंगणाकडे तोंड करून.

"चपलांच्या जागा आहेत, आई."

"चपलांच्या? अगं, परवा गौर आत यायची आणि तुझ्या उंबऱ्यावर लक्ष्मी घर सोडून चाललीय! चार जोड्या पावलं, सगळी बाहेर! कुणी काढली ही?"

आत गेल्यावर त्यांना भिंत दिसली. एका हाताची बाहुलीही दिसली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आता सांगते ते खरं सांगते. सासूबाईंचं निमित्त झालं, पण मला बरंच वाटलं. तीन वर्षं साठलेलं होतं. निखारे मागत हिंडणं, विजारी, चौकचं लग्न, दुपारचे डबे, सगळं एकदम वर आलं. मी बाजारातून चुना आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही भिंती पांढऱ्या करून टाकल्या. ओटा घासता घासता माझ्या हातांची सालं निघाली. त्या माणसानं गेरूत डिंक घातला होता. मंजू दाराला टेकून सगळं बघत होती.

चुना ओला असतानाच काका आले. हातात पुठ्ठा, कानावर पेन्सिल. गौरीचा आदला दिवस होता.

ओट्यावर पाय ठेवताना ते खाली बघत थांबले. मग आत भिंतीकडे बघितलं. मी कुंचला हातात घेऊन उभी होते. वाटलं, काही बोलतील, मग मीही बोलेन. ते बोलले नाहीत, म्हणून मीच बोलले.

"काका, हे माझं घर आहे. तुमचं स्टोअर नाही."

"नाय ना," ते म्हणाले. "घरच हाय."

"आणि तिचं माप कशाला हवंय दर वर्षी? एक चप्पल तरी दिलीत का पोरीला?"

त्यांनी पुठ्ठ्याची घडी घालायचा प्रयत्न केला. जाड होता, घडी पडेना. "बरं," म्हणाले, आणि पुठ्ठा तसाच काखेत धरून पाठ फिरवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी करंज्या तळायला घेतल्या. तेल तापलं, चार करंज्या सोडल्या आणि झारा कुठे? मी हात मागे करून भिंतीवरचा झारा घ्यायला गेले, तर हात कोऱ्या चुन्यावर आपटला. चुना देताना मी खिळे काढले होते. सगळ्या वस्तू एका टोपल्यात भरल्या होत्या, टोपल्यातून बापूनं काढल्या होत्या. पळी खाटेखाली सापडली, सांडशी तांदळाच्या डब्यात. करंज्या आधी तांबूस झाल्या, मग तपकिरी, मग काळ्या. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या घरात साधा झारा जागेवर नसतो!"

झारा शेवटी त्यांच्याच प्रवासाच्या पिशवीत मिळाला, त्यांच्या धुतल्या लुगड्यात गुंडाळलेला. मंजूनं ठेवला होता. "त्याचं घर पुसलं ना," ती म्हणाली. "मग आता त्याला आजीकडे पाठवला."

तिसरा प्रहर झाला. गौर आत घ्यायची वेळ. आमच्याकडे गौर कुमारिकेच्या हातून आत येते. तेरड्याची जुडी झाली, मुखवटे पुसून झाले, सासूबाईंनी दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली, आणि मंजूचा पत्ता नाही. मी हाका मारल्या. विहिरीकडे बघून आले. बापूला विचारलं, तर त्यानं ओळीच्या टोकाकडे बोट केलं.

काकींच्या ओटीवर कोणी नव्हतं. आतून मंजूचा आवाज येत होता. तीन वर्षांत मी त्या घराच्या माजघरात कधी गेले नव्हते. आज विचारायला थांबले नाही, सरळ आत गेले.

सगळं घर रेघांनी भरलेलं असेल असं मी धरून चालले होते. तसं काहीच नव्हतं. मोठ्यांच्या वस्तू चारचौघांसारख्या कुठेही पडलेल्या. काकांचा सदरा खाटेवर, काकींचं सूप कोपऱ्यात उलटं. रेघा फक्त एका भिंतीवर होत्या, जमिनीपासून दोन हातांच्या आत. लहान ताटलीचा आकार, पेल्याचा आकार, फणीचा, भातुकलीच्या जात्याचा, एका बाहुलीचा. बाहुलीला दोन्ही हात होते. सगळे आकार रिकामे. गेरू मात्र ताजा होता.

आणि माजघराच्या उंबऱ्याच्या आत, जमिनीवर, लहान पावलांची एक जोडी. मंजू तिच्यावर उभी होती आणि वाकून बघत होती.

"काकी, बोटं बाहेर येतात माझी. हे घर लहान झालं."

"व्हनारच," काकी म्हणाल्या. "मागल्या सालचं हाय ते."

मी दारात उभी. मला बघून काकी उठल्या नाहीत. त्यांच्या त्या सपाट आवाजात त्यांनी सांगून टाकलं. धाकटी जाऊ बाळंतपणात गेली. दहा दिवसांची पोर काकींच्या ओटीत आली. चिमी. मंजूच्याच वयाची, चार महिन्यांनी मोठी. काका-काकींना मूल नव्हतं. चार वर्षं पोर इथं वाढली. मग दिरानं दुसरं लग्न केलं, लांब नागपूरकडे नोकरी धरली आणि गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन पोरीला घेऊन गेला. म्हणाला, दादा, तुमी काही वर्षं येऊ नका, बोलवू बी नका. तुमाला बघंल तर तिकडं रुळायची नाय.

"मी लई रडले," काकी म्हणाल्या. "हे नाय रडले. हे म्हनाले, बरोबर बोलतो तो. दोन घरं दिली का ती ना हितं सापडनार, ना तितं. सोताच्या हातानं तिची बाहुली, ताटली, समदं बांधून दिलं. आनि तवापासून दर साली हे रंगवत बसतात."

ज्या माणसानं माझ्या झाऱ्याला दुसरा खिळा मारू दिला नाही, त्यानं इथं चोरून एक दुसरं घर राखलं होतं. आणि त्याचं माप माझ्या पोरीच्या पायावरून घेतलं जात होतं. मला माझी इतकी लाज वाटली की उंबऱ्याबाहेर पाय काढवेना आणि आतही जाववेना.

परसातून काका आले. हात धुतलेले, कानावर पेन्सिल. मला बघून खाली बघू लागले, जणू त्यांचंच काही चुकलं होतं.

"काका, पुठ्ठा कुठाय?" मी विचारलं.

तो खाटेखाली होता. मी तो उंबऱ्याशी टाकला, मंजूला वर उभी केली, काकांच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि खाली बसले.

"पेन्शल उभी धर," ते मागून म्हणाले. "तिरकी धरलीस का माप चुकतं."

"गप्प बसा हो," मी म्हणाले.

माप झालं. त्यांनी करवंटी आणली आणि जुन्या रेघेच्या बाहेरून नवी रेघ ओढायला घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"काका, आमची सगळ्यांची पावलं तुम्ही बाहेरच्या तोंडानं काढलीत. ही आतल्या तोंडानं का?"

"ती यायची हाय ना," ते म्हणाले.

त्या दिवशी गौर जरा उशिरानं आत आली. संध्याकाळी सासूबाईंना मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट घेऊन त्या स्वतः ओळीच्या टोकाला गेल्या आणि येताना काकांना घेऊनच आल्या. "झाऱ्याचं तेवढं काढून द्या," म्हणाल्या. "आणि ओट्यावरची पावलं आत वळवून काढा, म्हणजे माझं काही म्हणणं नाही." ह्यावर काकांनी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला. चपला उलट्या काढून ठेवायच्या तर पाय घालताना वळायला लागतं! शेवटी पावलं आडवी काढायचं ठरलं. ती दोघांनाही आवडली नाहीत.

पुढच्या चैत्रात ह्यांची महाडला बदली झाली. सामान बांधताना काका आले, एकेका टोपल्यावर आत काय आहे त्याचं चित्र काढलं, टेम्पोवाल्याशी भांडले, आणि सगळं झाल्यावर ओट्यावर उगाच उभे राहिले. "सूनबाय," म्हणाले, "आता माप कुनाचं घेऊ?"

मी म्हटलं, "मी पाठवीन. दर वर्षी, गौरीच्या आधी."

आणि पाठवलं. एकही वर्ष चुकवलं नाही. पुठ्ठा पाकिटात मावेना, म्हणून पातळ कागदावर काढायचे. दर वर्षी पोस्टकार्ड यायचं, टाकानं लिहिलेलं, एकाच मजकुराचं: 'माप पोचलं. मुलगी वाढली. पेन्सिल तिरपी धरली आहे.' मी दर वर्षी ते वाचून चिडायचे. एकदा ह्यांना समोर बसवून, पेन्सिल काटकोनात धरून माप काढलं. तरी तेच उत्तर.

मंजू तेरा वर्षांची झाली. उंची माझ्या खांद्याला लागली. पायावर कागद धरला की म्हणायची, "आई, आता पुरे झालं की गं." मी तिला म्हणायचे, "उभी राहा गुपचूप." त्या वर्षीचं माप काढायला कागद आणून ठेवला होता, तेवढ्यात श्रावणातच काकांचं कार्ड आलं.

'चि. सूनबाई यांस आशीर्वाद. या साली माप पाठवू नये. चिमी आली आहे. आपणहून बापाला म्हणाली, गौरीला जाते. पंधरा दिवस राहणार आहे. चपला उंबऱ्याशी काढल्या, जागेवर ठेवल्या. जागा अर्धं बोट मोठी निघाली. मी दर साली लिहीत होतो, पेन्सिल तिरपी धरतेस.'

कार्ड हातात धरून मी चुलीपुढे बसले होते. रडत होते आणि चिडलेही होते. अर्धं बोट! मंजूनं येऊन कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं, वाचलं, आणि क्षणभर खोलीभर नजर फिरवून मला विचारलं, "आई, हिचं घर कंचं?"

मी दाराकडे बोट केलं. सोळा खिशांची चादर तिथं अजून टांगलेली होती. तिनं कार्ड तिसऱ्या ओळीतल्या बाबांच्या खिशात सरकवलं.